स्पीकरची पिन मोडली: गायक गायब, वाद्यं शिल्लक. दुरुस्ती कशी करावी?

वाशिष्ठीकाठी
नमस्कार मंडळी. घरी कॉम्प्युटरला लावलेला जुना २.१ स्पीकर संच आहे. दोन छोटे स्पीकर आणि टेबलाखाली ठेवायचा एक लाकडी डबा, ज्यातून ढब ढब येते तो. चिपळुणात २०२१ च्या पुरात आमच्या खालच्या खोलीतलं बरंच सामान गेलं. हा संच माळ्यावर होता म्हणून वाचला, त्यामुळे घरात त्याला जरा मान आहे. परवा रंगकाम करणाऱ्यांनी काम आटोपल्यावर टेबल भिंतीला सरकवलं आणि सीपीयूच्या मागे हिरव्या भोकात असलेली पिन भिंतीत दाबली जाऊन वाकली. सरळ केली, पण तेव्हापासून विचित्र प्रकार सुरू आहे.

नवी गाणी लावली की व्हायोलिन, बासरी, कोरस सगळं येतं, पण मुख्य गायक नाही. त्याचा नुसता घुमारा ऐकू येतो, विहिरीतून कोणी गातंय असा. बाबांची जुनी नाट्यपदं लावली तर काहीच नाही, चिडीचूप. आणि मोठ्या डब्यातून गाणं चालू असो नसो, नुसती घुर्र. बाबांचं म्हणणं, इंटरनेटवाल्यांनी जुनी गाणी बंद केली असणार. पिन बोटाने वरच्या बाजूला दाबून धरली की सगळं पूर्वीसारखं, सोडली की पुन्हा तेच.

वायर थेट डब्याच्या आतून येते, मागे सॉकेट वगैरे नाही. पिनेचं काळं रबरी आवरण मानेपाशी फाटलंय आणि आतली तांब्याची तार दिसतेय. दुकानदार म्हणाला, "हे आता रिपेअर होत नाही, नवीन घ्या." भाच्याने इंजिनिअरिंगला असताना घेतलेली सोल्डरिंग गन घरात पडून आहे. हे घरी जमण्यासारखं आहे का? आणि गायकच नेमका का गायब होतो?

सरळमार्गी
नवे घ्या. हजाराच्या आत ब्लूटूथवाले मिळतात, वायरीची कटकटच नाही. जुन्याला किती दिवस कवटाळून बसणार? (हलके घ्या.)

गवतीचहा
@सरळमार्गी, हजाराच्या ब्लूटूथ डब्यात आणि जुन्या लाकडी संचात आवाजाचा काय फरक असतो ते एकदा शेजारी शेजारी ठेवून ऐका, मग बोला. वाशिष्ठीकाठी, टाकू नका हो. ओहमकार काका येतीलच इतक्यात.

ओहमकार
आलो. संच ठणठणीत आहे, फक्त सामाईक तार तुटली आहे. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की मीटर लावायचीही गरज नाही.

पिनेकडे नीट पाहा. तिच्यावर दोन बारीक काळ्या रेघा असतील, म्हणजे धातूचे तीन भाग. टोक डाव्या स्पीकरचं, मधलं कडं उजव्याचं आणि मागचा लांब भाग दोघांच्या परतीच्या प्रवाहाचा, म्हणजे ग्राउंड. हे ग्राउंड तुटलं की परतीची वाट बंद होते. पण वीज अडून बसत नाही. डाव्याचा सिग्नल उजव्याच्या तारेतून परत जातो आणि उजव्याचा डाव्याच्या. परिणामी दोन्ही स्पीकरांच्या वाट्याला डाव्या-उजव्यातला फरक तेवढा येतो. जे दोन्हीकडे सारखं आहे ते आपोआप वजा होतं.

आता गायक का जातो? ध्वनिमुद्रणात मुख्य आवाज बहुतेक वेळा बरोबर मध्ये ठेवतात, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारखा. तो वजा होऊन शून्य. वाद्यं, कोरस, आवाजावर चढवलेला घुमारा हे दोन बाजूंना कमीअधिक असतात, म्हणून ते उरतात. बाबांची नाट्यपदं मोनो आहेत. मोनोमध्ये दोन्ही बाजू एकच, त्यामुळे सगळंच्या सगळं वजा. डब्याची गंमत आणखी पुढची. त्याला डावं आणि उजवं मिसळून त्यातला खर्ज पुरवलेला असतो. तुमच्याकडे सध्या एका बाजूला फरक अधिक आहे आणि दुसरीकडे तोच फरक उणे. दोन्हींची बेरीज शून्य, म्हणून डब्यात गाणं नाही. घुर्र मात्र मेन्सच्या विजेची, ५० हर्ट्‌झची. ती दोन्ही बाजूंना सारखीच शिरते, म्हणून डब्यात बेरजेत वाढूनच येते.

गाण्यातून गायक काढून टाकायची जुनी कॅराओके युक्ती हीच होती. तुमच्या घरी ती फुकट झाली आहे.

बाबांना सांगा, नाट्यपदं जागच्या जागी आहेत.

फणसगरे
काय सांगताय! आमच्या ट्रॅक्स गाडीच्या टेपला अगदी हेच व्हायचं. आम्ही समजायचो कॅसेट खराब झाली. वाचनखूण साठवली.

सांधेजोड
ओहमकार यांच्याशी सहमत, पण कात्री लावायच्या आधी एक खात्री करा. पिन वाकली त्याच धक्क्याने सीपीयूचं सॉकेटही आतून हललेलं असू शकतं. सॉकेटची ग्राउंडची पट्टी पिनेला टेकेनाशी झाली की लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. पिन दाबल्यावर आवाज येतो यावरून दोष पिनेत की भोकात ते ठरत नाही. हीच पिन मोबाइलला, टीव्हीला किंवा सीपीयूच्या पुढच्या हेडफोनच्या भोकात लावून पाहा. तिथेही गायक गायब असेल तर दोष पिनेचा.

दुसरी तपासणी उलटी. त्याच हिरव्या भोकात कुठलाही हेडफोन लावून ऐका.

वाशिष्ठीकाठी
ओहमकार काका, डोकं भणाणलं पण कळलं. _/\_ बाबांना वाचून दाखवलं. "म्हणजे दोघं भांडले आणि तिसरा गेला," एवढंच म्हणाले.

सांधेजोड, दोन्ही करून पाहिलं. हेडफोन हिरव्या भोकात उत्तम वाजतो. स्पीकरची पिन मोबाइलला लावली तर तिथेही गायक नाही. म्हणजे पिनच. आता पुढे?

जुगाडू
सोप्पंय. पिन मानेपासून कापा. जुन्या हेडफोनची वायर पिनेसकट कापून घ्या. दोन्हीकडच्या तारा सोला, रंगाला रंग पिळा, काळी टेप गुंडाळा. दहा मिनिटांचं काम. सोल्डर वगैरे सगळे चोचले.

ओहमकार
जुगाडूभाऊ, पिळून टेप मारलेला जॉइंट पुण्यात दोन वर्षं टिकेल, चिपळुणात एक पावसाळा काढला तरी खूप. टेपचा डिंक उन्हाळ्यात सुटतो, उघडं तांबं दमट हवेत हिरवं पडतं, मग खरखर सुरू. आणि जुन्या हेडफोनच्या वायरीचा एक फास आहे. तिच्यातल्या केसासारख्या बारीक तारांवर लाल, हिरवा, तांब्याच्या रंगाचा असा रोगण चढवलेला असतो. दिसायला तांबं, पण वरून वीज लागत नाही. पिळून कितीही घट्ट बांधा, आवाज येणार नाही, आणि माणूस समजतो की आपण रंग चुकवले. तो रोगण जाळावा लागतो किंवा ब्लेडने अलगद खरवडावा लागतो. शिवाय मध्ये मजबुतीसाठी नायलॉनचे धागे असतात, ते जळून गोळा होतात. आधी ते कापून टाकायचे.

त्यापेक्षा नवी पिन आणा. दुकानात "साडेतीन एमएमची स्टिरिओ पिन, मेटल बॉडी" एवढं म्हटलं की पुरे. "स्टिरिओ" शब्द विसरू नका, नाहीतर एकाच रेघेची मोनो पिन हातात पडते. मोबाइलच्या हेडफोनला तीन रेघांची पिन असते, त्यात चौथा भाग माइकसाठी. तीही नको. सीपीयू भिंतीला टेकूनच राहणार असेल तर काटकोनातली पिन घ्या. ती भिंतीशी समांतर बसते, म्हणजे पुढच्या रंगकामात पुन्हा हा धागा वर काढावा लागणार नाही.

लॅमिंग्टनकर
पिन घेताना दोन गोष्टी दुकानातच बघा. टोपी फिरवून उघडा, आत पातळ प्लास्टिकची किंवा पुठ्ठ्याची नळी आहे का पाहा. ती नसेल तर सोल्डरचा एखादा काटा धातूच्या टोपीला टेकतो आणि एक बाजू बंद. दुसरं, टोपीच्या मागच्या भोकातून तुमची वायर जाते का. स्पीकरची वायर हेडफोनपेक्षा जाड असते, ती नेमकी त्या भोकात अडकते. सोबत कापलेल्या वायरीचा तुकडा न्या.

ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत ढिगाने मिळतील. चिपळुणात टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे विचारा, त्याच्या ड्रॉवरमध्ये असतेच. अगदी स्वस्तातली घेऊ नका. वीस रुपये वाचवून पातळ पत्र्याची पिन मिळते आणि तिचं कडं आतल्या आत फिरायला लागतं.

गवतीचहा
मला सोल्डर जमत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. माझ्यासारख्यांसाठी स्क्रूवाली पिन मिळते. मागे हिरवा ठोकळा, त्याला तीन स्क्रू. तार आत घालायची, स्क्रू आवळायचा. दिसायला बोजड आहे आणि ओढाताण झाली की तार निसटते, पण टेबलामागे कोण बघतंय?

सांधेजोड
@गवतीचहा, स्क्रूवाली चालेल, फक्त तारांची टोकं चांगली पिळून घ्या. एक जरी केस बाहेर राहून शेजारच्या स्क्रूला टेकला तर झालं.

सगळ्यांसाठी एक सूचना. आपल्या संचाच्या मागे आधी बघा. बऱ्याच संचांना मागे साडेतीनचं किंवा लाल-पांढरं आरसीए सॉकेट असतं. तसं असेल तर कापाकापी कशाला? तयार ऑक्स केबल आणायची आणि लावायची. वाशिष्ठीकाठींची वायर आतून येते म्हणून हा सगळा उपद्व्याप.

ओहमकार
आता कृती. सावकाश वाचा आणि मगच गन तापवा.

स्पीकरचा प्लग भिंतीच्या बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

जुनी पिन मानेशी कापू नका. चांगली तीन-चार इंच वायर सोडून कापा. पिनेचं रबर जिथे संपतं तिथे मऊ वायर कडक भागाला मिळते, सगळं वाकणं त्या एका जागी होतं. तांबं एकाच जागी वाकत राहिलं की आधी कडक होतं आणि मग तुटतं. म्हणून तारेचे काही केस पुढेही अर्धवट तुटलेले असतात आणि बाहेरून काही दिसत नाही. तेवढा भाग गेलेलाच बरा.

वायर सोलायच्या आधी पिनेची टोपी, तिच्यात स्प्रिंग असेल तर तीही, आणि श्रिंक होणारी काळी नळी वायरीत ओवून मागे सरकवून ठेवा. ही ओळ दोनदा वाचा. सगळं सुंदर सोल्डर झाल्यावर टोपी टेबलावर पडलेली सापडणं हा या धंद्यातला सगळ्यात जुना विनोद आहे.

बाहेरचं आवरण साधारण दोन सेंटिमीटर सोला. ब्लेड दाबू नका, वायर बोटावर वाकवून वरून हलका छेद द्या, ती आपोआप उघडते. आत बहुधा एक लाल आणि एक पांढरी तार निघेल आणि त्यांच्याभोवती उघड्या तांब्याचा वेढा. लाल म्हणजे उजवा, पांढरा डावा, वेढा ग्राउंड, असा रिवाज आहे. पण कारखान्याने त्या दिवशी जी वायर हाती लागली ती लावलेली असू शकते. म्हणून कापलेल्या तुकड्याचं आवरणही उघडा आणि कोणता रंग पिनेच्या कोणत्या भागाला जातो ते बझरवाल्या मीटरने (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो तो) तपासा.

मीटर नसेल तर सोपी युक्ती. स्पीकर चालू करा, आवाज अगदी कमी ठेवा, आणि सोललेल्या एका तारेला बोट लावा. घुर्र ज्या बाजूने येईल त्या बाजूची ती तार. हे फक्त वायरीच्या पिनेकडच्या टोकाला करायचं. डबा उघडून आत बोट घालायचं नाही. आणि डब्याच्या मागच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हे करूच नका, आधी तो दोष बघा. तपासून झालं की प्लग पुन्हा भिंतीतून काढा.

नव्या पिनेला तीन कान असतात. मधल्या खिळ्याला जोडलेला छोटा कान टोकाचा, दुसरा छोटा कड्याचा आणि लांब, शेवटी दोन नख्या असलेला ग्राउंडचा. प्रत्येक तारेला आणि प्रत्येक कानाला आधी वेगवेगळं कथील लावून घ्या, मग दोन्ही टेकवून गन लावा. दोन-तीन सेकंदांत जुळलं पाहिजे. त्यापेक्षा जास्त वेळ गन ठेवली तर पिनेतलं प्लास्टिक मऊ होतं, कडं वाकडं होतं आणि पिन भोकात जातच नाही. यावर उपाय म्हणजे सोल्डर करताना पिन एखाद्या निकामी सॉकेटात खोचून ठेवायची. ती सरळही राहते आणि उष्णता ओढली जाते. २५ वॅटची गन पुरते. साधं ६०-४० कथील १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, त्याला गॅसवेल्डिंगचा आव आणायची गरज नाही. त्यात शिसं असतं, त्यामुळे खिडकी उघडी ठेवा आणि झाल्यावर हात धुवा.

शेवटी नख्या. त्या बाहेरच्या आवरणावर आवळायच्या, उघड्या तारांवर नाही. वायर ओढली गेली तर ताण आवरणावर यावा, सोल्डरवर नाही. सोल्डर वीज नेण्यासाठी असतं, वजन पेलण्यासाठी नसतं. कथील तारेच्या केसांमध्ये जिथवर चढतं तिथवर तार काडीसारखी कडक होते आणि वाकली की नेमकी तिथेच मोडते. दुकानातल्या दुरुस्त्या महिन्याभरात परत येतात त्या याच कारणाने.

जुगाडू
एवढं वाचेपर्यंत माझं टेप मारून गाणं सुरूही झालं असतं. पण निकामी सॉकेटात पिन खोचायची आयडिया मानली.

सरळमार्गी
एका पिनेसाठी गन, कथील, मीटर, श्रिंकची नळी. सगळ्याची बेरीज करा आणि नव्या स्पीकरशी ताडून बघा. मी फक्त हिशेब सांगतोय.

फणसगरे
@सरळमार्गी, गन त्यांच्या घरात आहे असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. आणि टीव्हीवाल्याने घेतले तरी पन्नास-शंभर घेईल. हिशेबच करायचा तर पूर्ण करा.

वाशिष्ठीकाठी
पिन मिळाली, टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या ड्रॉवरमध्येच, लॅमिंग्टनकर म्हणाले तसं. काटकोनी नव्हती, सरळ घेतली.

कापून सोललं. लाल, पांढरी आणि वेढा, अगदी काका म्हणाले तसंच. पण वेढ्याचं तांबं काळपट-हिरवं निघालं आहे. गन लावली तर कथील त्याच्यावर थांबतच नाही, गोळा होऊन घरंगळतं. लाल आणि पांढऱ्याला मात्र लगेच बसलं. आता काय करू?

ओहमकार
कोकणची हवा. आवरण मानेपाशी फाटलेलं होतं, तिथून ओल आत चढली. आणखी तीन-चार इंच कापून बघा, पुढे चकचकीत तांबं मिळालं तर प्रश्न मिटला. वायर आखूड पडत असेल किंवा पुढेही काळंच असेल, तर केस पसरून ब्लेडच्या पाठीने हलक्या हाताने घासा, रंग गुलाबी दिसेपर्यंत. मग सोल्डरिंगची पेस्ट, तीही राळेवाली, थोडीशी. नळजोडणीवाल्यांकडची आम्लाची पेस्ट चुकूनही नको, ती पुढे वर्षभर तांबं खात बसते.

गन तारेला लावायची आणि कथील तारेला टेकवायचं. कथील गनेवर वितळवून तारेवर थापायचं नाही. तार तापली की ती स्वतःच कथील ओढून घेते.

सांधेजोड
आणि गनेचं टोकही बघा. भाच्याच्या इंजिनिअरिंगच्या दिवसांपासून पडून असेल तर ते काळं कुळकुळीत झालं असणार. ओल्या स्पंजवर पुसून लगेच कथील चढवा. लोक तारेला दोष देतात आणि खरा अडसर टोकाचा असतो.

वाशिष्ठीकाठी
वाजले! पाच इंच आणखी कापल्यावर चकचकीत तांबं मिळालं. टोपी आधी ओवली होती. :) नख्या आवरणावर आवळल्या, वर श्रिंकची नळी चढवून भाच्याने लायटरने आवळली. मोठा डबा बोलायला लागला, घुर्र बंद. डावं-उजवंही बरोबर आहे. यूट्यूबवर डाव्या-उजव्या बाजूची चाचणी असते, त्यावर तपासलं.

सीपीयू आता भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला आहे. सगळ्यांचे आभार, विशेष ओहमकार काकांचे.

गवतीचहा
अभिनंदन! फोटो टाका की.

अवांतर: हिरवं भोक सगळ्यांच्या सीपीयूवर हिरवंच कसं, कोणी ठरवलं?

लॅमिंग्टनकर
मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने १९९९ च्या सुमाराला कॉम्प्युटर बनवणाऱ्यांसाठी 'पीसी ९९' नावाचे संकेत काढले, त्यात हे रंग आले. स्पीकरला पोपटी, माइकला गुलाबी, बाहेरून आवाज आत घ्यायला फिकट निळा. त्याआधी भोकांशेजारी मुंगीएवढी चित्रं कोरलेली असायची आणि टेबलाखाली बॅटरी घेऊन शिरावं लागायचं.

पिन मात्र फार जुनी. तिची थोरली बहीण, पाव इंची, टेलिफोन एक्सचेंजमधली. ऑपरेटर बायका वायरी भोकात खोचून फोन जोडून द्यायच्या ना, ती. गिटारला आजही तीच लागते. साडेतीनची घराघरात पोहोचली १९७९ च्या वॉकमनबरोबर. आता मोबाइलवाले ती काढून टाकतायत, आयफोनने २०१६ मध्ये काढलीच.

निरुत्तर
धागा वाचून हिंमत आली म्हणून विचारतो. माझी पिन मोडून टोकाचा तुकडा सीपीयूच्या हिरव्या भोकातच अडकलाय. फेविक्विकचा थेंब लावून काडीने ओढू का?

ओहमकार
अजिबात नको! फेविक्विक पाण्यासारखं पातळ असतं, आतल्या पट्ट्यांवर पसरतं, मग तुकडाही जात नाही आणि सॉकेटही जातं. बॉलपेनची रिकामी, पातळ प्लास्टिकची रिफिल घ्या. तिचं तोंड तुकड्याच्या दांड्यावर घट्ट बसतंय का बघा. बसलं तर गोल फिरवत ओढा, कधी कधी निघतो. दोन-चारदा करून नाही निघाला तर नाद सोडा.

तुकडा तसाच राहिला तरी काम अडत नाही. सीपीयूच्या पुढच्या हेडफोनच्या भोकात स्पीकर लावा. पुढे भोक नसेल तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये, रिअलटेकचा पॅनल असेल तर त्यात, मागच्या निळ्या भोकाला स्पीकरचं काम देता येतं. बऱ्याच मदरबोर्डांवर ते चालतं. लिनक्सवाल्यांना 'एचडीए जॅक रिटास्क' हे साधन आहे. काहीच जमलं नाही तर यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड दोन-तीनशेत येतं.

एक मात्र आहे. अडकलेल्या तुकड्यामुळे कॉम्प्युटरला वाटत राहतं की हिरव्या भोकात काहीतरी लावलेलं आहे. त्यामुळे आवाज कुठून काढायचा ते दर वेळी हाताने निवडावं लागेल.

निरुत्तर
रिफिलने निघाला!! दुसऱ्या खेपेला. बायकोचं पेन गेलं, पण ते तिला अजून कळलेलं नाही.

रातराणी_
माझा प्रश्न थोडा वेगळा, पण धागा तापलेलाच आहे म्हणून इथेच. माझ्या २.१ संचात उजव्या स्पीकरवर आवाजाची बटणं आहेत आणि त्याची वायर डब्याला जुन्या मॉनिटरसारख्या १५ काट्यांच्या निळ्या कनेक्टरने जोडते. त्यातले दोन काटे वाकले होते, सरळ करताना एक तुटला. मॉनिटरची जुनी केबल घरात आहे, ती कापून लावली तर?

सांधेजोड
मॉनिटरची केबल डोळे झाकून नको. पुष्कळ केबल्समध्ये नववा काटा नसतोच, आणि ग्राउंडचे काटे आतल्या आत एकमेकांना जोडून टाकलेले असतात. स्पीकरवाल्यांनी त्याच काट्यांवर दुसरंच काही, वीज किंवा बटणांची तार, दिलेली असू शकते. उगाच शॉर्ट व्हायचं. तो कनेक्टर चुकून खऱ्या मॉनिटरच्या किंवा कॉम्प्युटरच्या व्हीजीए भोकातही लावू नका. आकार तोच आहे, काम तेच नाही.

ओहमकार
सांधेजोड यांना दुजोरा. या कनेक्टरांचा आणि गोल, पाच-सहा काट्यांच्या कनेक्टरांचा काटाक्रम प्रत्येक कंपनीचा आपापला असतो. साडेतीनच्या पिनेसारखा जगभर एक नियम नाही. म्हणून कापायच्या आधी नकाशा हवाच.

असं करा. तुटका काटा डब्याच्या बाजूला आहे की वायरीच्या? वायरीच्या असेल तर काम सोपं आहे. १५ काट्यांचा सोल्डर करायचा सुटा कनेक्टर मिळतो, त्याला प्लास्टिकची टोपी वेगळी मागून घ्या. जुना कनेक्टर वायरीपासून लगेच तोडू नका. आधी आवरण उभं चिरून आतले रंग उघडे करा, मग मीटरचं एक टोक काट्याला आणि दुसरं रंगीत तारेला लावत कागदावर लिहीत जा. तुटलेल्या काट्याच्या बुंध्याला टाचणी टेकवून तोही नोंदवता येतो. कनेक्टरच्या तोंडावर आकडे कोरलेले असतात, पण ते वाचायला भिंग लागेल. समोरून पाहिलं तर एक क्रम आणि सोल्डरच्या बाजूने पाहिलं तर तो उलटा दिसतो. गोंधळ होतो तो इथेच. फोटो काढून ठेवा.

काटा डब्याच्या बाजूचा असेल तर डबा उघडावा लागेल. मग आधी इथे आतल्या बाजूचा फोटो टाका. प्लग काढून निदान दहा मिनिटं थांबा, आतले मोठे कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ घेतात.

रातराणी_
काटा वायरीच्या बाजूचाच आहे, सुटले म्हणायचं. १५ पैकी सगळे काटे वापरात नाहीत असं वरवर दिसतंय. मीटर घेते. साधा कोणता घेऊ? फार महाग नको.

लॅमिंग्टनकर
अगदी साधा डिजिटल, पिवळ्या रंगाचा, कोणत्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो तो. फक्त त्यावर बझरची खूण आहे का बघा, आवाजाच्या लाटा काढलेल्या असतात ती. बझर नसलेला घेतलात तर काट्याकडे बघायचं की आकड्याकडे, यातच संध्याकाळ जाईल. आणि दोन टाचण्या मीटरच्या टोकांना टेपने बांधून घ्या, नाहीतर जाड टोकं शेजारच्या काट्यालाही लागतात.

रातराणी_
ओके. नकाशा झाला की इथेच टाकते.